आरशाच्या जागी पिवळं दार

कारखान्यात तिला सगळे कॉलरताई म्हणायचे. एकवीस वर्षं ती शर्टाच्या कॉलरी शिवत होती. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, नुसत्या कॉलरी. लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणायची, "दुसऱ्यांच्या गळ्याचं बघता बघता माझा गळा राहूनच गेला बघ," आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायची. घरात मात्र तिला मोठी म्हणत. पाठचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात बायकामुलांत रमला होता, आईला जाऊन आठ वर्षं झाली होती आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता ती आणि तिचे वडील, तात्या, एवढेच उरले होते.

तात्यांचं सलून होतं. तीन खुर्च्यांचं, चौकाच्या अगदी तोंडाशी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची डोकी आणि दाढ्या सांभाळल्या. हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा दुकानाची सगळी ओळ पाडली. तात्यांनी खुर्च्या विकल्या, पण भिंतीवरच्या मोठ्या आरशातला एक तुकडा कापून घरी आणला. स्वतःच प्लायवूडचं एक लहानसं कपाट ठोकलं, त्याच्या दाराला तो आरसा चिकटवला आणि ते बाथरूममध्ये बेसिनच्या वर टांगलं. आत दाढीचं सामान, तेलाची बाटली, कंगवे, आणि कोणालाही सापडू नयेत म्हणून ठेवलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. त्या सगळ्यांना सापडायच्या.

विसरायला लागले तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. आधी चष्मा, मग गॅस, मग बायको गेली आहे हेच. सकाळी उठून दुकानाच्या किल्ल्या शोधायचे. मोठी म्हणायची, "तात्या, आज सुट्टी आहे." तेवढ्यावर भागायचं. रोज सुट्टी कशी, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका सकाळी मोठी भाजी चिरत होती. बाथरूममधून तात्यांचा आवाज आला. "या, या. बसा. आज गर्दी नाही." तिनं दार ढकलून पाहिलं. तात्या बेसिनपाशी उभे, गालांना भरपूर फेस, हातात रेझर, आणि ते आरशातल्या माणसाशी बोलत होते. "मान जरा वर. हां. आता हलू नका हं." रेझर कानशिलापासून एका ओढीत खाली आला. हाताला जरासुद्धा कंप नव्हता. ज्या माणसाला शर्टाची बटणं धड लावता येत नव्हती, त्याची दाढी अशी झाली की एक केस शोधून सापडू नये. शेवटी त्यांनी आरशातल्या माणसाला अदबीनं मान लववली आणि म्हणाले, "या परत."

मोठीनं ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगितली. बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. तीही हसली.

चार-पाच महिन्यांत मात्र हसण्याचं काही उरलं नाही. मोठी कामावर असताना खालच्या मजल्यावरच्या काकू तात्यांपाशी येऊन बसायच्या. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलक्या. एका संध्याकाळी मोठी घरी आली तर काकू दारातच उभ्या.

"अगं, आज दुपारपासून बाथरूममध्ये जायला तयार नाहीत. म्हणतात, आत कोणीतरी आहे."

"कोण?"

"म्हातारा, म्हणाले. नुसता टक लावून बघतो, म्हणाले. मी आत जाऊन बघून आले, दार उघडं करून दाखवलं. काही उपयोग नाही."

तात्या खाटेच्या टोकाला अंग चोरून बसले होते. पायजमा ओला होता. मोठीकडे पाहून हळूच म्हणाले, "तो अजून गेला नाही."

पुढे हे रोजचंच झालं. सकाळची दाढी नेहमीसारखी उरकली, की मग दुपारी, संध्याकाळी, केव्हाही ते बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. कधी त्या माणसाला दरडावायचे, "चल, नीघ! कोणाच्या घरात शिरलास?" आणि समोरचा माणूसही तसाच दात-ओठ खातोय हे पाहून त्यांची पाचावर धारण बसायची. गॅलरीतल्या कुंडीत, दाराआडच्या कोपऱ्यात, जिथे जमेल तिथे ते उरकायचे. मोठी ते पुसून काढायची. मग एके दिवशी घाबरून मागे सरताना ते ओल्या फरशीवर घसरले आणि कपाळ चौकटीवर आपटलं. तीन टाके पडले.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, "या आजारात असं होतं. स्वतःचाच चेहरा ओळखू येत नाही. घरातले आरसे काढून टाका किंवा झाका." मोठीनं 'काढून टाका' तेवढं ऐकलं.

तसं ऐकायला कारण होतं. त्या कपाटाची पार दशा झाली होती. खालचं प्लायवूड पाणी पिऊन फुगलं होतं, थर सुटून पोथीच्या पानांसारखे दिसत होते. बिजागऱ्या गंजलेल्या. आतल्या कोपऱ्यांत काळी बुरशी, आणि दार उघडलं की कुबट वास. तिनं कोपऱ्यावरच्या सुताराला आणून दाखवलं. त्यानं कपाटाच्या बुडाला बोटानं टोचून पाहिलं आणि बोट आत गेलं. "ताई, हे फेकून द्या. नवीन करून देतो." नव्याचा आकडा ऐकून तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग तिच्या मनानं घेतलं, आपणच करायचं. आता खरं सांगायचं तर त्या घरात कितीतरी दिवसांत काही नवं झालं नव्हतं. औषधं आली होती, रबराची चादर आली होती. डोळ्यांना बरं वाटेल असं काही आलं नव्हतं. काम करायचंच आहे तर नीटच करू, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिला इतकं आवडलं की आठवडाभर मशीनवर बसल्या बसल्या ती मनात कपाटच करत होती.

सामान तिनं असं जमवलं, की कंजूष माणसानंही कानाला हात लावावा. कारखान्यात मशीनचे सुटे भाग येतात त्या खोक्याची एक चांगली जाड फळी पहारेकऱ्याकडून मागून घेतली. जिना रंगवणाऱ्या रंगाऱ्याकडे पिवळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला होता. तो त्यानं दिला, वर अस्तराचा थोडा पांढरा रंगही दिला आणि म्हणाला, "आधी लांबीची पुट्टी भरल्याशिवाय रंग लावू नका, नाहीतर सगळ्या भेगा चेहऱ्यावर येतील." मुठींसाठी तिनं कारखान्याच्या कोट विभागातल्या नापास ओव्हरकोटांची दोन लाकडी बटणं आणली, चांगली बोटभर लांबीची. विकत घ्याव्या लागल्या त्या फक्त बिजागऱ्या, पॉलिश पेपर आणि लांबीची पुडी.

रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली. तात्यांना काकूंनी खाली नेलं. मोठीनं साडीचा पदर खोचला आणि कपाट भिंतीवरून उतरवून गॅलरीत आणलं.

आधी आरसा. तात्यांनी तो पक्क्या सरसानं चिकटवला होता. तिनं कडेनं गरम पाणी सोडलं, पातळ सुरी घातली, बराच वेळ खटाटोप केला. अर्धा सुटला. उरलेल्या अर्ध्यासाठी तिनं पटाशी घातली आणि हलकाच दाब दिला. कट्ट करून आवाज आला आणि आरशावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चीर गेली. क्षणभर तिला चुकल्यासारखं झालं. मग तिनं तुकडे जुन्या गोणपाटात बांधले आणि खाली भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवून आली. नाहीतरी काढायचाच होता.

मग मात्र काम अंगात भिनलं. कुजलेलं बूड कापून तिथे फळीचा तुकडा बसवला. दाराच्या चौकटीत आरशाच्या मापाची फळी बसवली. मापात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, कॉलरीची अर्धी रेघ इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, त्यातच जन्म गेलेला. बुरशी घासून काढली. लांबी भरली, सुकू दिली, पॉलिश पेपरनं घासून हात फिरवला. कुठे खडबड लागली की पुन्हा घासायची. अस्तराचा हात, मग पिवळ्याचा पहिला, सोमवारी दुसरा. आतल्या फळ्यांना मेणकापडाचे उरलेले तुकडे कापून लावले. दुपारी ती रंगाच्या वासात गॅलरीत बसून चहा प्यायली आणि त्या पिवळ्या दाराकडे नुसती बघत राहिली. किती दिवसांनी तिचे हात असे स्वतःच्या मर्जीनं चालले होते. ती गुणगुणत होती, हे काकूंनी खालून ऐकलं.

संध्याकाळी कपाट परत भिंतीवर गेलं. तात्या वर आले, उंबऱ्याशी थबकले, मान पुढे काढून आत पाहिलं आणि सरळ आत गेले. दार लावून घेतलं. नळाचा आवाज आला. मोठी भिंतीला टेकून उभी होती. मग तिनं दाराआडच्या कोपऱ्यातली पुसायची फडकी उचलून गॅलरीत टाकली.

मंगळवारी सकाळी ती भाकरी थापत होती. आत पाण्याचा आवाज झाला, ब्रश वाटीत फिरल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. तिनं पिठाच्या हातानंच दार ढकललं.

तात्या कपाटासमोर उभे होते. हातात फेसाचा ब्रश. पिवळ्या दारावर, बरोबर माणसाचं तोंड यावं तेवढ्या उंचीवर, त्यांनी फेस लावला होता. गोल गोल, गालाला लावतात तसा. फेस खाली ओघळत होता.

"गिऱ्हाईक उठून गेलं," ते म्हणाले. "साबण लावायच्या आतच."

मोठीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती तिथेच बसली, बादलीच्या काठावर. सकाळचा माणूस आणि दुपारचा माणूस एकच होता. दुपारी तो न सांगता घरात घुसलेला कोणी परका असे आणि सकाळी तोच त्यांच्या खुर्चीत बसलेला असे. सकाळी तात्यांना त्याची भीती नव्हती. सकाळी ते दुकानात होते. ती दुपारचा चोर घालवायला गेली आणि त्याच्याबरोबर सकाळचं गिऱ्हाईकही घालवून बसली.

तिनं आपल्या पर्समधला हातात धरायचा छोटा आरसा आणला. "हे बघा तात्या, हे आलं परत गिऱ्हाईक." त्यांनी त्यात पाहिलं, एक डोळा आणि अर्धं नाक. "हा इथे कसा आला?" असं ओरडून त्यांनी आरसा भिरकावला.

त्या दिवशी तिनं त्यांची दाढी केली. तिला येत नव्हती. हनुवटीखाली दोनदा कापलं. तात्यांनी सगळं सोसलं, वर म्हणाले, "नवीन दिसतेस. कातडी ताणून धर. आणि घाई करू नकोस, माणूस आहे तो, भोपळा नाही." पहिले पंधरा दिवस ते असं काहीबाही शिकवत राहिले. तिला वाटलं, हेही चालेल. मग ते शिकवणं कमी झालं. मग थांबलं. रोज सकाळी ते ब्रशकडे हात करायचे, तेही सुटलं. त्यानंतर चमच्याचं विसरले, जिन्याचं विसरले. 'मोठी' हा शब्द गेला, मग सगळेच शब्द एकेक करून निघाले. जणू सकाळची ती दहा मिनिटं हा एक खिळा होता आणि बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं होतं.

आणि घरी येणारा जो तो कपाटाचं कौतुक करायचा. गॅसवाला म्हणाला, "विकत आणलंत वाटतं?" दोन मजल्यांवरच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. कोटाच्या बटणांच्या मुठी ओढून पाहिल्या. काकूही एकदा हात धुता धुता म्हणाल्या, "कपाट मात्र झकास झालंय गं. मला तेव्हा सुचलं नाही बघ, नाहीतर आरशावर नुसता पडदा सोडला असतास तरी भागलं असतं. सकाळी सरकवायचा, दुपारी ओढायचा."

त्या सहज बोलल्या होत्या. मोठी नॅपकिन हातात धरून उभी राहिली. अर्धा मीटर कापड, एक दोरी आणि दोन खिळे. मशीनवर पाच मिनिटांचं काम. जन्मभर कापड शिवणाऱ्या बाईला पडदा सुचला नाही, कारण तिला रंग लावायचा होता.

दुसऱ्याच दिवशी तिनं कामावरून येताना आरसा आणला, जवळजवळ तेवढ्याच मापाचा. बेसिनच्या बाजूच्या भिंतीवर लावला आणि त्याला पडदा केला, चुण्या घालून, नीट शिवून. दाराला फेस लागला त्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते. सकाळी तिनं तात्यांना धरून उभं केलं, ब्रश फेसात घोळवून त्यांच्या हातात दिला आणि पडदा सरकवला.

"तात्या, बघा कोण आलंय. बसवू का?"

तात्यांनी आरशाकडे पाहिलं. घाबरले नाहीत. ओळखलंही नाही, दरडावलंही नाही. भिंतीवरच्या डागाकडे बघावं तसं पाहिलं. त्यांच्या मागे मोठीचा चेहरा होता, त्याच्याकडेही तसंच पाहिलं. मग ब्रश तिच्या हातात परत दिला, कोणाची तरी वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसा.

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली, एकटीच. सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हे होणारच होतं. आज नाही तर उद्या."

"पण उद्या झालं असतं ना?" मोठी म्हणाली. "किती उद्या?"

"ते नाही सांगता येत."

"माझ्यामुळे लवकर झालं का, एवढंच सांगा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तेही नाही सांगता येत," ते म्हणाले. खोटं बोलले असते तर तिनं त्यांना दुवा दिला असता.

धाकटा येऊन गेला. वडिलांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला, रडला. जेवण झाल्यावर हात धुवायला गेला आणि आतूनच म्हणाला, "ताई, हे कपाट तू केलंस? कमाल आहे तुझी!" तो बाहेर आला तर मोठी भिंतीकडे तोंड करून उभी. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असं काय करतेस? कोणी केलं नसतं इतकं तू केलंस."

"तेच तर म्हणतेय. मीच केलं."

"तसं नाही गं..."

"तुला तसं वाटत नाही, कारण तू इथे नव्हतास. तू मंगळवारी इथे नव्हतास." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. तात्या खाटेवरून दोघांकडे पाहत होते, रस्त्यावरचं भांडण बघावं तसे. धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं गेला.

हिवाळ्यात तात्यांच्या छातीत कफ भरला. गिळता येईना, पाणीही चुकीच्या वाटेनं जायचं. सरकारी दवाखान्याच्या मोठ्या वॉर्डात सहा दिवस होते. मोठी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहायची, सकाळी त्यांची दाढी करायची. आता तिचा हात बसला होता. कुठे कापत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलानं विचारलं, "मावशी, यांचीही कराल का?" तिनं केली. मग पलीकडच्याची. वॉर्डातली नर्स म्हणाली, "तुम्ही हेच काम करता का?" मोठी म्हणाली, "नाही. वडील करायचे."

गुरुवारी दुपारी ती खाली इंजेक्शन आणायला गेली होती. औषधाच्या दुकानापुढे रांग होती. वर आली तेव्हा खाटेभोवती हिरवा आडपडदा ओढलेला होता आणि नर्स तिच्याकडे न बघता नळी गुंडाळत होती. मोठीच्या हातात इंजेक्शन तसंच होतं. ते नर्सनं काढून घेतलं आणि म्हणाली, "बसा जरा." ती बसली नाही.

धाकटा आला, सगळं उरकलं, चार दिवस राहिला. जाताना म्हणाला, "ताई, आमच्याकडे चल. इथे एकटी काय करशील?" ती म्हणाली, "बघू." दोघांनाही माहीत होतं की ती जाणार नाही. त्यानं जिन्यातून एकदा वळून पाहिलं. तिनं हात हलवला आणि दार लावलं.

सोमवारी ती कामावर गेली. सुपरवायझर म्हणाला, "कॉलरताई, अजून आठवडाभर घरी राहिलात तरी चालेल. मी सांभाळून घेतो."

"घरी काय करू?" ती म्हणाली, आणि मशीनवर झाकलेलं कापड काढून बाजूला ठेवलं.

बायकांनी तिच्यासमोर आवाज खाली आणला होता. एकीनं डब्यातला घास पुढे केला, तिनं मानेनंच नको म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत ती उठली नाही, चहाच्या सुट्टीतही नाही. कॉलरीमागून कॉलर सुईखालून निघून टोपलीत पडत राहिली, सगळ्या एका मापाच्या, एका टाक्याच्या. साडेपाचला ओळीनं मशीनं थांबली, बायका पिशव्या उचलून गेल्या. दिवे घालवायला आलेल्या पहारेकऱ्यानं तिला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्यानं जवळ येऊन मशीनचं बटण बंद केलं, तेव्हा ती उठली.